"माझी माणसं फोनमध्येच आहेत" असं मुलगी म्हणते, तिचं खरं मानायचं का?

तुम्ही लिहिलंय की दहावीतली मुलगी शाळेतून आली की इन्स्टाग्राम उघडून बसते, आणि फोन काढून घेतला तर "माझी माणसं त्यातच आहेत" म्हणून रडते. हे खरं मानायचं की हट्ट, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वेंगुर्ला तालुक्यात १८ वर्षं हायस्कूलला शिकवते. मला विचाराल तर आधी फोन परत द्या, आणि मग ती माणसं कोण ते शांतपणे विचारा. तिचं म्हणणं खरं असू शकतं.

आमच्याकडे घरं लांब लांब. एकेका वाडीत त्या वयाची दोन-तीनच पोरं असतात. शाळा सुटली की एसटी पकडायची, मग दुसऱ्या दिवसापर्यंत मैत्रीण भेटत नाही. गणपतीला मुंबईची चुलत-आते भावंडं येतात, रात्र रात्र भजनं, फुगड्या चालतात, आणि विसर्जन झालं की घर रिकामं. त्या आठ दिवसांत जुळलेलं पुढचं वर्षभर फोनवरच टिकतं.

नववीतला एक मुलगा असाच एकदम गप्प झाला होता. वडील ट्रॉलरवर खलाशी, जिवलग मित्र आईवडिलांबरोबर नालासोपाऱ्याला गेलेला. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून आईने फोन कपाटात ठेवला होता. मी घरी गेले तेव्हा कळलं की दोघं रोज रात्री एकमेकांना व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायचे. त्याने स्वतःहून मला एक ऐकवला. मित्र म्हणत होता, इथे खिडकी उघडली की समोर भिंतच आहे, तू आज बंदरावर काय बघितलंस ते सांग. एवढंच. आईने तिथल्या तिथे कपाट उघडलं.

आणि एक मुलगी होती, तिची आजी वारली. आजी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे करायची, त्या हातांचा फोटो तिने इन्स्टाग्रामच्या स्टोरीला टाकला. बाराव्याला गेले तर ही कोपऱ्यात बसून आधी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट बघत होती. स्टोरी २४ तासांत जाते, पण ती कोणी बघितली त्यांची नावं दिसतात, ती यादी तिने जपून ठेवली होती. दीडशेच्या वर नावं. मला म्हणाली, "बाई, सगळ्यांनी बघल्यानी, पण एकानपण इचारूक नाय." तोवर तिला वाटत होतं की ही सगळी आपली माणसं आहेत. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अमेरिकेतली प्यू रिसर्च सेंटर ही संस्था १३ ते १७ वयाच्या मुलांना नेमकं हेच विचारते. अडचणीत पाठीशी कोणीतरी आहे असं सोशल मीडियामुळे वाटतं, असं २०२२ मध्ये ६७ टक्के मुलं म्हणाली होती. २०२४ च्या पाहणीत ती ५२ टक्क्यांवर आली. मुलं तिकडची आहेत, पण घसरण मोठी आहे. तरी निम्म्याहून जास्त मुलं अजून हो म्हणतात, म्हणूनच सरसकट बंदी मला पटत नाही.

तेव्हा किती तास बघते यापेक्षा कोणाशी बोलते हे बघा. समोर बसवून उलटतपासणी नको. काजू सोलताना, भांडी लावताना सहज विचारा, "तू दोन दिवस दिसली नाहीस तर यातलं कोण फोन करील?" ती थांबेल, विचार करील, एखाददुसरं नाव सांगेल. एकही नाव आलं नाही तर रागावू नका, त्या रात्री तिच्याजवळ झोपा. रात्री दहानंतर मात्र सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, तुमचासुद्धा.

कोणी अनोळखी माणूस फोटो मागत असेल, "घरी सांगू नको" म्हणत असेल, तर तिला दोष न देता लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. जेवण-झोप उडाली असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि तिने जे नाव सांगितलं, त्या मुलीला मे महिन्यात आंबे खायला घरी बोलवा. एसटी स्टँडवर घ्यायला दोघी मिळून जा.