चौदा महिन्यांतच गिअरबॉक्स गेला, दाद कोठे मागावी?

प्रश्न : मी स्वतः पिकअप चालवून वाशीच्या बाजारातून दादरला भाजी पोहोचवतो. गाडी जेमतेम १४ महिन्यांची असताना दुसरा गिअर खरखरतो, कधी आपोआप निसटतो. सर्व्हिस सेंटरने आधी क्लच बदलला आणि आता दोष माझ्या चालवण्याचा ठरवून वॉरंटी नाकारली. काय करावे?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, त्यामुळे तुमचा संताप अगदी रास्त आहे. गिअरबॉक्स उघडताना स्वतः हजर राहा आणि काढलेले ऑइल पांढऱ्या फडक्यावर पाहा. त्यात सोनेरी पूड चमकली, तर बहुधा पितळी सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारे कडे) झिजली आहे. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढण्याच्या बुचाच्या) चुंबकाला पोलादी कपचे चिकटले असतील, तर गिअरचे दात किंवा बेअरिंग तपासायला हवे. लगेच फोटो काढा. जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, कारण नुसते ‘जनरल चेकअप’ लिहिलेले कार्ड पुढे फारसे उपयोगी पडत नाही. नकारही कारणासह लेखी मागा.

गाडी धंद्याची असल्याने तुम्ही ग्राहक नाही, असे सांगितले जाईल. त्याने खचू नका. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूची मानली जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा.