अ‍ॅव्हरेजला हसू नका

प्रश्न : गाड्यांचे मराठी व्हिडिओ करणारे 'अ‍ॅव्हरेज किती देते' असं म्हणतात, मासिकांत 'मायलेज' छापतात. बरोबर कोणतं? आणि याला मराठी शब्द आहे का?

उत्तर : 'अ‍ॅव्हरेज'ला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला आता वीट आलाय. मायलेज म्हटलं की शुद्ध इंग्रजी, असा यांचा समज. अहो, अठराव्या शतकात हा शब्द आला तो मैलामागे मिळणाऱ्या प्रवासभत्त्यासाठी. चक्क टीए बिल! अमेरिकेत 'गॅस मायलेज' म्हणतात, हे मान्य. पण ब्रिटिश मासिकात किंवा टीव्हीवर 'हाय मायलेज' गाडी म्हणजे भरपूर पळून खिळखिळी झालेली. आपला माणूस ते यूट्यूबवर ऐकतो आणि खूश होतो. वर आपण मोजणार किलोमीटर आणि नाव घेणार मैलाचं.

'अ‍ॅव्हरेज'चं घराणं बघा. अरबीत 'अवार' म्हणजे मालातली खोट, नुकसान. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी तो उचलला, इटालियनमध्ये त्याचं 'अव्हारिया' झालं. वादळात जहाज वाचवायला कुणाच्या गाठी समुद्रात फेकल्या, तर तो तोटा एकट्याच्या माथी मारायचा नाही. सगळ्यांनी आपापल्या मालाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर या वाटणीलाच अ‍ॅव्हरेज म्हणू लागले, गणितातली सरासरी त्यानंतरची. जहाजवाल्यांकडे जुना अर्थ अजून नांदतो. 2021 मध्ये सुएझ कालव्यात रुतलेल्या 'एव्हर गिव्हन'च्या मालकांनी 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं, म्हणजे सुटकेच्या खर्चात मालवाल्यांचाही वाटा. आणि स्पेनमध्ये गाडीला 'आवेरिया' झाली म्हणालात, तर समोरचा टोइंग व्हॅन बोलावेल. तिकडे त्याचा अर्थच बिघाड!

काही जण हा शब्द जमीनदाराच्या वेठीला लागणाऱ्या जनावरांशी जोडतात, कारण त्या वेठीलाही इंग्रजीत असंच नाव होतं. नाव जुळलं की नातं जुळत असेल, तर पुरी खायला जगन्नाथाला जावं लागेल.

बरं, आपला वापरही किती चोख आहे. पंपाचं नोझल 'टक्' करून थांबेपर्यंत टाकी भरायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा, शहर-घाट-हायवे सगळं हिंडायचं आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी फुल्ल करायची. 432 किलोमीटरला 24 लिटर लागलं, तर अ‍ॅव्हरेज 18. घाटात अकरावर आलेल्या गाडीचा तोटा हायवेनं सोसलेला असतो, अगदी त्या जहाजासारखा. पुण्याच्या 'एआरएआय' या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर निघतो. तिथे ना खड्डा, ना चांदणी चौक. म्हणून गाडीची परीक्षा लिहिणारा शहाणा माणूस स्वतः टाकी भरून बघतो. त्या आकड्याला अ‍ॅव्हरेज नाही तर काय म्हणायचं?

हां, मराठी शब्दाचं राहिलंच. 'इंधनक्षमता' नको, ती टाकीची वाटते. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात, शेतकरी एकरी उतारा सांगतो. तसा पेट्रोलचा लिटरी उतारा का नको? एका मित्राला विचारून पाहिलं, ''नव्या गाडीचा उतारा किती?'' म्हणाला, ''कोकणात जाताना भरपूर. येताना सगळा चढच.''