गणपतराव देशमुख (आबा) सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून आमदार म्हणून नेमके किती वेळा निवडून आले? दहा की अकरा?
अकरा, आणि प्रत्येक वेळी शेकापकडूनच (शेतकरी कामगार पक्ष).

घोळ होतो तो 1974 मुळे. 1962 आणि 1967 जिंकल्यावर 1972 ला आबा पडले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. सार्वत्रिक निवडणुकांच्या यादीत ही पोटनिवडणूक सापडत नाही, म्हणून मोजणारे दहावरच थांबतात. पुढे 1978, 1980, 1985, 1990. मग 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून दोनशेहूनही कमी मतांनी हार. नंतर 1999, 2004, 2009, 2014.

मंत्रिपद दोनदाच: 1978 चं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि 1999 चं विलासरावांचं. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

'देशातला विक्रम' मात्र लिहू नका. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा जिंकलेत.