सिस्टर न होता मिशनला जाता येतं का? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

ऑक्टोबरचा मिशन रविवार, म्हणजे कॅथलिक चर्च मिशनकार्यासाठी पाळतं तो रविवार, झाला की दरवर्षी असे प्रश्न येतात, यंदा जरा जास्तच आलेत. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते, मी वसईची, पेशाने नर्स, टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एका छोट्या दवाखान्यात तीन वर्षं प्रापंचिक मिशनरी म्हणून, म्हणजे फादर किंवा सिस्टर न होता, काम केलं, आणि आता जे जायचा विचार करताहेत त्यांच्यासोबत बसून बोलते. तर एकेक घेऊया.

मी २६ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग झालंय. मला मिशनला जायचंय पण सिस्टर म्हणजे नन व्हायचं नाहीये. आई म्हणते, सिस्टर व्हायचं नाही तर कसली मिशनरी? — एक वाचक, नालासोपारा

आईला रागावू नकोस, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मिशनरी म्हणजे झगा घातलेले फादर नाहीतर सिस्टर हेच बघितलंय. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेने, १९६५ मध्येच स्पष्ट सांगितलंय की मिशन हे बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं काम आहे. आणि त्याच्याही आधीपासून प्रापंचिक हे करतच आलेत. जगभरच्या मिशनला पैसा पुरवणारी मोठी संस्था १८२२ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात ज्यांच्या प्रयत्नातून उभी राहिली त्या पॉलिन जारिको ह्या सिस्टर नव्हत्या, साध्या प्रापंचिक बाई, कामगारांना दहा-दहाच्या गटात बांधून प्रत्येकाकडून आठवड्याला एक नाणं गोळा करायच्या. २०२२ मध्ये चर्चने त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं.

आणि आईला आपल्याच माणसाची आठवण करून दे की. संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्या डोळ्यासमोर आहे. आपण त्याला हुतात्मा म्हणून ओळखतो पण त्याआधीचं आयुष्य फारसं कुणी सांगत नाही. तो पोरवयात जेझुइट संघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, जपानी भाषा शिकला आणि कित्येक वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला, व्रतस्थ न होता. जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही, मग त्याने व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर तो कधीच नव्हता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला ज्या २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यातले १७ तर जपानी प्रापंचिक होते. एवढं सगळं आईला सांग, आणि मग तिला तिची खरी भीती काय आहे ते विचार, बहुतेक वेळा ती भीती तुझ्या लग्नाची असते, त्यावरही शांतपणे बोला.

आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत, मूळ वसईचे, दोन मुलं ७ आणि १० वर्षांची. कुटुंबासकट जाता येतं का?

येतं. अमेरिकेतल्या काही संस्था कुटुंबं घेतात, मेरीनॉल ले मिशनर्स ही त्यातली जुनी, १९७५ पासूनची, सुरुवातीचा करार काही वर्षांचा असतो आणि टांझानिया, केनिया, बोलिव्हिया, कंबोडिया अशा देशांत त्यांची माणसं काम करत आलीत. मुलांची शाळा, विमा, घर हे सगळं आधीच बोलून घ्या.

पण मुलांना विचारलंत का? सात वर्षांचं पोर पटकन रुळतं, नवीन भाषा तुमच्याआधी बोलायला लागतं. दहा वर्षांच्याला मात्र मित्र सुटल्याचं दुःख खरं असतं, "देवासाठी जातोय" असं सांगून ते दाबू नका, त्याला रडू द्या.

ताई, मला तीन महिन्यांची सुट्टी मिळतेय. आफ्रिकेत जाऊन मुलांना शिकवायचं आहे. कुठे अर्ज करू? — एक शिक्षक, पुणे

सर, तुमची तळमळ मला समजते म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. तीन महिन्यांत तुम्हाला भाषासुद्धा येणार नाही. मला पहिले चार महिने फक्त स्वाहिली शिकायला लागले, तेव्हा कुठे बायका माझ्याशी दुखण्याबद्दल बोलायला लागल्या, आणि मनातलं बोलायला तर वर्ष गेलं. भाषा शिकताना सुखद धक्केही बसतात बरं का, गाडीला तिथे गारी म्हणतात, चपातीला चपाती, लाखाला लाकी, विम्याला बीमा, आपल्या किनाऱ्यावरच्या गलबतांचा आणि व्यापाऱ्यांचा तो जुना माग. मोठ्या माणसाला भेटलं की "शिकामू" म्हणायचं, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते असा सांगतात, ते कळलं त्या दिवशी मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

एक प्रसंग सांगते मग तुम्हीच ठरवा. मी पोचल्यावर दोनेक महिन्यांत, भाषा अर्धवट असतानाच, गरोदर बायकांसाठी सकाळी नऊची मीटिंग ठेवली, तक्ते केले, चर्चमध्ये घोषणा करवली. आल्या फक्त चार जणी. पुढच्या आठवड्यात तीन. मला वाटलं बायकांना आरोग्याचं काही पडलेलं नाही, आणि मी तसं रागाने बोलूनही दाखवलं, त्याची मला आजही खंत वाटते. तिथले कॅटेकिस्ट, म्हणजे फादर येत नाहीत त्या रविवारी प्रार्थना घेणारे, आजाऱ्यांना भेटणारे, मयताला उभे राहणारे एक शेतकरी काका, ते मला काही न बोलता सकाळी सरोवराच्या काठावर घेऊन गेले. तिथे सगळ्या बायका. रात्री होड्या दिवे लावून दागा पकडतात, दागा म्हणजे बोटभर चांदीसारखी मासळी, आणि पहाटे होड्या लागल्या की बायका ती वाळूवर पसरतात, ऊन चढेपर्यंत वाकून वाकून परतत राहतात, पाखरं हाकतात. अगदी आपल्या कोळीवाड्यात सुकट वाळवतात तसं, वासही तोच. एक बाई आठ महिन्यांची पोटुशी, हातात खराटा. काका म्हणाले, पौर्णिमेच्या आसपास उजेड असतो म्हणून होड्या जात नाहीत, तेव्हा ह्या मोकळ्या असतात, पण तुम्ही कुणाला विचारलं नाही. मग मीटिंग पौर्णिमेच्या आठवड्यात ठेवली आणि जागा पुरेना. मी समुद्रकाठची मुलगी असून मला हे सुचलं नाही.

तर सर, तिथे चर्च आधीपासून उभं आहे आणि ते तिथल्याच प्रापंचिकांनी उभं ठेवलंय, आपण जातो ते त्यांच्या हाताखाली काम करायला. तीन महिन्यांत माणूस आपलं म्हणणं सांगून परत येतो, त्यांचं ऐकायला वेळ उरत नाही. दोन वर्षं काढता आली तर जा. आत्ता सुट्टीच असेल तर आपल्याच राज्यातल्या एखाद्या आदिवासी भागातल्या मिशन शाळेत विचारा, भाषेची अडचण कमी, पण तिथेही आधी ऐकायचंच.

घराचं कर्ज चालू आहे, अजून नऊ वर्षं. तरी जावं का? — एक अकाउंटंट, अहिल्यानगर

नाही, आत्ता नको. मिळतो तो भत्ता म्हणजे जेवणखाण आणि किरकोळ खर्च, त्यात हप्ता बसणार नाही आणि तो आईवडिलांच्या डोक्यावर टाकून जाणं मला पटत नाही. तोवर तुमचं अकाउंटिंग वापरा ना, आपल्या धर्मप्रांतातल्या कितीतरी संस्थांना नीट हिशोब ठेवणारं माणूस हवंय. जाल तेव्हा मात्र संस्थेकडून आजारपणाचा विमा आणि तातडीने परत आणायचा खर्च लेखी घ्या, पीपीएफ बंद पडू देऊ नका, वर्षाला किमान ५०० रुपये तरी भरा.

युगांडाला जायचं ठरलंय, तयारीत काय विसरू नको?

पीतज्वराची लस, निघायच्या किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रातूनच, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेव. कार्ड नसेल तर परत येताना इथे विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊ शकतात. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट, "उद्या बघू" नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करू नकोस, कुणी "चालतं" म्हटलं तरी. पोलिस क्लिअरन्स आणि मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग जी संस्था मागत नाही तिच्याबरोबर जाऊच नकोस.

माझी मुलगी एल साल्वादोरला जायचं म्हणतेय. तिथे मिशनरींना मारलं होतं ना? मला झोप लागत नाही. — एक आई, विरार

ताई, खोटा धीर देणार नाही. हो, मारलं होतं. २ डिसेंबर १९८० ला तिथल्या नॅशनल गार्डच्या जवानांनी चार अमेरिकन स्त्रियांना अत्याचार करून ठार केलं, तिघी सिस्टर आणि चौथी जीन डोनोव्हन, २७ वर्षांची प्रापंचिक मुलगी, चांगली नोकरी सोडून आलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या आर्चबिशप रोमेरोंना मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करताना गोळी घातली होती, जीनला परत जाता आलं असतं, पण तिथल्या पोरांना सोडून जायला तिचं मन होईना. तो त्या देशातल्या यादवी युद्धाचा काळ होता, ते युद्ध १९९२ मध्ये संपलं.

आजचे धोके बहुतेक वेगळे असतात, मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटली ती रात्रीच्या मोटारसायकल प्रवासाची. मुलीला तीन गोष्टी विचारा, तिथे तिची जबाबदारी नेमकी कुणाकडे, गडबड झाली तर परत आणायचा निर्णय कोण घेणार, आणि आठवड्यातून कुठल्या दिवशी फोन करणार. ह्याची उत्तरं तिच्याकडे तयार असतील तर मुलगी विचार करून निघालीय. आणि तुम्हाला झोप लागत नाही हे तिला सांगा, लपवू नका.

तुम्ही लोक तिकडे धर्मांतरच करायला जाता ना? — एक वाचक

प्रश्न सरळ विचारलात, आवडलं. मी तीन वर्षांत बाळंतपणं केली, ड्रेसिंग केलं, औषधांचा हिशोब ठेवला. दवाखान्यात मुस्लिम बायका रोज यायच्या, येताना मुस्लिम होत्या आणि जातानाही मुस्लिमच, कुणी त्यांना दुसरं काही विचारलं नाही. माझी श्रद्धा मी लपवली नाही, कुणी विचारलं तर सांगितली. औषधाच्या बदल्यात धर्म मागणं हे पाप आहे असं मी मानते.

दोन वर्षांनी परत आलेय. सगळे खूष आहेत पण मला इथे करमत नाही, कुणाशी बोलताच येत नाही. — एक वाचक, वसई

अगं, हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. जाताना पॅरिशने हार घातले, भाषणं केली, परत आल्यावर "कशी होती आफ्रिका?" विचारलं आणि उत्तर संपायच्या आत विषय बदलला. मी महिनाभर लग्नांना गेले नाही, एवढं अन्न बघून पोटात गोळा यायचा, आणि नातेवाईकांवर चिडायचे, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

लगेच नोकरी धरू नकोस, दोन महिने घे. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर समुपदेशकाकडे जा. रोज एका तिथल्या माणसाला व्हॉट्सअॅपवर त्यांच्याच भाषेत काहीतरी लिही, साधंच, पाऊस पडला का एवढं. ती खराटेवाली बाई, तिची मुलगी आता शाळेत जाते, मला दर पौर्णिमेला तिचा व्हॉइस मेसेज येतो. पुढच्या रविवारी दुपारी माझ्याकडे ये, त्या मेसेजात मागून होड्यांचा आवाज येतो तो तुला ऐकवते आणि मग तू तुझं सगळं सांग, मला घाई नसते.