ऑर्डर गेली म्हणजे माल आला नाही

सोलापूर, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आपोआप ट्रेडिंग करणाऱ्या तुझ्या कोडची फाइल उघडली, तीनशेच्या तीनशे ओळी वाचल्या. बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या भावांवर चालवून काढलेल्या नफ्याचा, आलेख सरळ वर चढतो आणि तोच कोड पेपर ट्रेडिंगला (चालू बाजार, खोटे पैसे) लावला की दुपारपर्यंत दोन लॉट, म्हणजे ठरलेल्या नगांचे दोन गठ्ठे, एकावर एक घेऊन बसतो, असं का, हा तुझा प्रश्न. आणि पुढे लगेच, सुपरट्रेंडचा (घ्या-विका सुचवणाऱ्या इंडिकेटरचा) आकडा 10 वरून 14 करू का? नको. इंडिकेटरला हात लावू नकोस, रोग तिथे नाहीच. आत्ता हातात काय आहे हे तुझ्या कोडला कधीच नक्की माहीत नसतं, रोग तो आहे.

तुझ्या घरचं दुकान चाटी गल्लीत आहे, म्हणून तिथलंच सांगतो. कारखानदाराला फोन करून शंभर डझन टॉवेल सांगितले, तर वडील लगेच स्टॉकच्या वहीत शंभर डझन जमा मांडतात का? गठ्ठे दुकानात येतात, मोजले जातात, ऐंशीच निघाले तर ऐंशी मांडतात. उरलेल्या विसाची नोंद वेगळी, ‘येणे’ म्हणून. तू मात्र सिग्नल आला त्याच ओळीत ‘लाँग’ (घेऊन ठेवलंय) लिहून मोकळा झालास. सिग्नल ही इच्छा, ऑर्डर हा निरोप आणि फिल, म्हणजे ऑर्डर प्रत्यक्ष भरली जाणं, हा माल. वही फक्त फिलवर लिहायची. या पत्रात हे वाक्य इतक्यांदा येईल की तू वैतागशील. वैताग.

बाय-फ्लॅग, सेल-फ्लॅग, इन-ट्रेड, एसएल-हिट (स्टॉप लागला) असे चार हो-नाहीचे झेंडे तू ठेवलेस. चार झेंड्यांच्या सोळा जोड्या होतात. त्यातल्या खऱ्या बाजारात संभवतात पाच-सहा, उरलेल्या सगळ्या भुताटकी. बाय-फ्लॅग हो, सेल-फ्लॅगही हो, याचा अर्थ काय? तुझ्या 140 च्या आसपासच्या ओळींत हे घडतं आणि कोड निमूट पुढे जातो. चारही काढून टाक. त्यांच्या जागी एकच चल, ज्याची किंमत पाचांपैकी एक असेल: फ्लॅट (हातात काही नाही), एन्ट्री वाटेवर, लाँग, शॉर्ट (हातात नसताना आधी विकलेलं), एक्झिट वाटेवर. सोबत चिन्हासकट नग (लाँगला अधिक, शॉर्टला उणे), सरासरी भाव, स्टॉप (तोटा इथे थांबवायचा तो भाव) आणि वाटेवरच्या ऑर्डरचे नग. बास. फ्लॅट असेल तर नग शून्य आणि स्टॉप रिकामा, ही अट प्रत्येक कॅंडलला (पाच मिनिटांच्या भावांची एक नोंद: ओपन, हाय, लो, क्लोज) तपास आणि मोडली तर कोड तिथेच थांबव. इशारा छापून पुढे जाऊ देऊ नकोस, इशारे कुणी वाचत नाही.

आता तुझे दोन लॉट कुठून आले ते बघ. हातात +75, म्हणजे एक लॉट. सेल सिग्नल आला, कोडने 75 विकले. हातात राहिलं शून्य, झेंड्यावर मात्र ‘शॉर्ट’. पुढे शॉर्टचा स्टॉप लागला म्हणून कोडने 75 घेतले. हातात +75, झेंड्यावर ‘फ्लॅट’. मग नवा बाय आला, आणखी 75. झाले 150. बॅकटेस्टमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथे नफा-तोटा तू झेंड्यावरून मोजलास. कधी न घेतलेल्या शॉर्टचा नफा तुझ्या आलेखात जमा होत राहिला. पेपर ट्रेडिंगने फक्त खरी वही दाखवली.

म्हणून ‘75 विक’ असा हुकूम कोडमध्ये कुठेच नको. लक्ष्य किती ते ठरव आणि वजाबाकी कर: लक्ष्य वजा हातातले वजा वाटेवरचे. लक्ष्य −75, हातात +75, वाटेवर शून्य, म्हणजे ऑर्डर −150. पुढच्या कॅंडलला ती अजून भरली नसेल तर वाटेवर −150 दिसेल, वजाबाकी शून्य येईल, दुसरी ऑर्डर जाणार नाही. वाटेवरचे नग धरले नाहीत की दर पाच मिनिटांनी तीच ऑर्डर पुन्हा सुटते.

एका कॅंडलमध्ये काय कशानंतर, याला तुझ्या कोडमध्ये क्रमच नाही. क्रम असा. ओपनला आधी मागच्या कॅंडलच्या वाटेवरच्या ऑर्डर भरायच्या आणि वही लिहायची. मग हाय-लोमध्ये स्टॉप किंवा टार्गेट लागलं का ते बघायचं, आत्ताच ओपनला घेतलेल्या पोझिशनचंसुद्धा. मग क्लोजला इंडिकेटर, सिग्नल आणि पुढच्या कॅंडलसाठी ऑर्डर. एकाच कॅंडलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही सापडले तर स्टॉप लागला असं धर. आधी कोण लागलं हे पाच मिनिटांचा डेटा सांगत नाही, आणि शंकेचा फायदा स्वतःला द्यायची सवय महाग पडते. स्टॉप 24,850 ला आणि ओपनच 24,790 ला झालं, तर लाँगचा फिल 24,790 ला, वर स्लिपेज (भाव घसरून आणखी जाणारी पदरची झीज). तू 24,850 लिहिलंस. त्या भावाला गिऱ्हाईकच नव्हतं रे!

पांडाजमधली (पायथॉनचं तक्ते हाताळायचं साधन) तुझी ती सुटसुटीत युक्तीही मोडते. सिग्नलच्या कॉलममध्ये 1, −1 आणि 0 ठेवून मधल्या जागा मागच्या किमतीने भरायच्या. पण तुझ्याकडे 0 चे दोन अर्थ आहेत, ‘बाहेर पड’ आणि ‘नवीन काही नाही’. दुसऱ्यासाठी जागा रिकामी सोड, शून्य लिहू नकोस, आणि कॉलम एक ओळ खाली सरकवायला विसरू नकोस, कारण ऑर्डर पुढच्या कॅंडलला भरते. इतकं करूनही स्टॉप त्या कॉलममध्ये बसत नाही. स्टॉप लागला तरी कॉलम 1 च म्हणत राहतो, कारण स्टॉप एन्ट्रीच्या भावावर अवलंबून आणि एन्ट्री मागच्या सगळ्या इतिहासावर. ॲमिब्रोकर या बॅकटेस्टच्या सॉफ्टवेअरचं एक्सरेम हे फंक्शन हीच चूक वेगळ्या कपड्यात करतं. ते जादाचे सिग्नल गाळतं, पण त्यातल्याच ॲप्लायस्टॉपने (स्टॉप लावणारं फंक्शन) तुला बाहेर काढलंय हे त्याला कळत नाही. पाइनमध्ये (ट्रेडिंगव्ह्यूची भाषा) पोझिशन-साइझ खरी भरलेलीच दाखवते, म्हणून ऑर्डर दिल्यावर त्याच कॅंडलला ती बदलत नाही. नवखे याला बग म्हणतात. तो बग नाही, वडिलांची वही आहे. आणि तिथे ‘एन्ट्री’ हुकूम पोझिशन आपोआप उलटवतो, ‘ऑर्डर’ हुकूम उलटवत नाही. दोन्ही मिसळू नकोस.

स्टॉपनंतर लगेच पुन्हा एन्ट्री होते, त्याचं कारण तुझी अट. ‘भाव सरासरीच्या वर आहे’ ही स्थिती, ‘भाव आत्ता वर गेला’ ही घटना. एन्ट्री घटनेवर हवी. स्थितीवरच ठेवायची असेल, तर ‘थांबा’ नावाची सहावी अवस्था घे, भाव एकदा सरासरीच्या खाली जाऊन येईपर्यंत.

दिवसअखेरीला तू लिहिलंस: वेळ बरोबर 15:20 असेल तर बाहेर पड. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईचे व्यवहार 11:40 ला बंद पडले आणि 15:45 ला सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत चालले. त्या दिवशी 15:20 ची कॅंडलच नाही. तुझी इंट्राडे पोझिशन दुसऱ्या दिवशी गेली आणि बॅकटेस्टने चूं केलं नाही. ‘15:20 किंवा नंतर’ लिही, आणि तारीख बदलल्यावर नग शून्य नसतील तर कोड थांबव. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्ताचं सेशन डेटातून वेगळं काढ.

नगांचं एक राहिलं. मोजदाद लॉटमध्ये नको, नगात ठेव. निफ्टीचा लॉट एप्रिल 2024 मध्ये 50 चा 25 झाला, नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या करारांना 75 आला. तू सगळ्या टेस्टला सरसकट 75 लावलास. लॉट करारासोबत बदलतो, म्हणून तारखेचा आणि कराराचा तक्ता वेगळा ठेव. रोलओव्हरला (मुदत संपणाऱ्या करारातून पुढच्यात जाताना) जुन्या करारात शून्य आणि नव्यात नवी पोझिशन अशा दोन नोंदी कर, दोन्हीचा खर्च धर.

लाइव्हला, म्हणजे खऱ्या पैशांवर, जाशील तेव्हा वही तुझी नसते, ब्रोकरची असते. 300 मागितले, 225 भरले, तर स्टॉप 225 चाच. तीनशेचा लावलास तर स्टॉप लागल्यावर 75 ची शॉर्ट पदरात. लाइट गेली, प्रोग्राम बंद पडला, परत चालू केला: मेमरीतली अवस्था गेलेली. दर फिलनंतर ती फाइलमध्ये लिही, चालू करताना ब्रोकरच्या पोझिशनशी जुळव, जुळलं नाही तर नवी ऑर्डर बंद. ब्रोकर इंट्राडे पोझिशन साडेतीनच्या आधी स्वतःच काढून टाकतो. तुझ्या कोडला पत्ता नसेल, तर तो नसलेली लाँग विकून नवी शॉर्ट करेल.

तू म्हणशील, काका, एकेक कॅंडल फिरवणारा लूप म्हणजे बैलगाडी. हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. हिशोब कर. दिवसाची 375 मिनिटं, पाच मिनिटांच्या 75 कॅंडल, वर्षाचे अंदाजे 250 दिवस धरले तर 18,750. दहा वर्षांच्या दोन लाखही होत नाहीत. साधा लूप चहा गाळेपर्यंत संपतो. एवढा वेळ वाचवून तू करणार काय होतास? पुन्हा सुपरट्रेंडचा आकडा बदलणार होतास. मला हट्टी म्हण, पण लूपमध्ये क्रम डोळ्यांना दिसतो, आणि मला तो दिसल्याशिवाय कुठल्याही आलेखावर विश्वास बसत नाही. आता बसणारही नाही.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आणू नकोस. कागदावर बारा कॅंडल हाताने मांड: एक साधी एन्ट्री, एक गॅपने (ओपनच स्टॉपपलीकडे होऊन) लागलेला स्टॉप, एक लाँगची शॉर्ट, एक अर्धी भरलेली ऑर्डर. प्रत्येक कॅंडलपुढे अवस्था, हातातले नग, वाटेवरचे नग आणि स्टॉप पेन्सिलीने लिही. तीच बारा कॅंडल नव्या कोडला घाल आणि त्याचं उत्तर शेजारी पेनने उतरव. जिथे पेन्सिल आणि पेन जुळत नाहीत त्या ओळीला गोल करून आण. खोडून जुळवलेला कागद मला लगेच कळतो.