घरातले स्विच, सॉकेट, रेग्युलेटर स्वतः बदलायचे तर कोणती हत्यारं घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की फ्लॅटमधले स्विच, सॉकेट आणि पंख्याचा रेग्युलेटर स्वतः बदलायचे आहेत, तर हत्यारांची कोणती पेटी घ्यावी. माझं मत, तयार पेटी घेऊच नका. त्यात पाने आणि बिट्स ढीगभर असतात, पण ज्यावर जीव अवलंबून असतो तो टेस्टर मात्र सगळ्यांत हलक्या दर्जाचा असतो. आधी वीज आहे की नाही हे खात्रीनं सांगणारी साधनं घ्या. कापायची-आवळायची हत्यारं त्यानंतर.

निऑन दिव्याचा टेस्टर प्रत्येक घरात असतो, तुम्हीही ठेवा. फक्त त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. टेस्टरमधला करंट एका मोठ्या रेझिस्टरमधून आणि तुमच्या शरीरातून जमिनीकडे जातो, तेव्हा दिवा लागतो. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा खिडकीतून ऊन येत असेल, तर फेज (वीज आणणारी वायर) जिवंत असूनही दिवा दिसत नाही. म्हणून टेस्टर पेटला नाही यावरून वायर मेलेली आहे असं कधीच समजू नका. उलटा घोळही होतो. न्यूट्रल (परतीची वायर) कुठे तुटला असेल आणि त्या लाइनवर एखादा बल्ब किंवा पंखा चालू असेल, तर फेज त्या उपकरणातून फिरून न्यूट्रलवर येतो आणि दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. अशा वेळी ‘दोन फेज आलेत’ असं समजून लोक नको तिथे वायरी बदलत बसतात.

म्हणून दुसरं साधन मल्टिमीटर. कॅट थ्री (घरातल्या पक्क्या वायरिंगसाठीचा सुरक्षा दर्जा), ६०० व्होल्ट असं छापलेला घ्या. काळी लीड कॉमन (COM) लिहिलेल्या भोकात आणि लाल लीड व्होल्टच्या भोकात. लाल लीड चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटला लावली, तर थेट शॉर्ट सर्किट होतं. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. रेंज एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २२० ते २४० व्होल्ट दिसायला हवेत, फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात जेमतेम दोन-चार व्होल्ट. फेज-न्यूट्रल शून्य पण फेज-अर्थिंग २३० आलं, तर न्यूट्रल तुटलाय. फेज-न्यूट्रल ठीक पण फेज-अर्थिंगवर काहीच धड येत नसेल, तर अर्थिंग मेलेलं आहे. गिझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात हे आधी दुरुस्त व्हायला हवं.

मल्टिमीटरही एका बाबतीत फसवतो. बंद केलेल्या वायरीवर तो कधीकधी ४०-९० व्होल्ट दाखवतो, कारण त्याच पाइपातली शेजारची जिवंत वायर तिच्यावर थोडासा व्होल्टेज चढवते. अशा वेळी टेस्ट लॅम्प कामी येतो: होल्डर, ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. तो फेज-न्यूट्रलमध्ये लावला की खोटा व्होल्टेज गळून पडतो आणि बल्ब पेटत नाही. फेज-अर्थिंगमध्ये मात्र तो लावू नका. त्यातून सुमारे १७० मिलिअँपिअर करंट जातो, म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडते. आणि अर्थिंग तुटलेलं असेल, तर त्या लाइनवरच्या फ्रिज-गिझरच्या धातूच्या अंगावर बल्बमधून फेज चढतो.

वीज बंद करताना इन्व्हर्टर विसरू नका. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो पंखे-दिव्यांच्या लाइनवर पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद. मीटर नीट चालतो का हे मात्र मेन पाडण्याआधीच चालत्या सॉकेटवर तपासून घ्या. मेन पाडल्यावर कामाच्या बोर्डावर तपासा. काम झाल्यावर चालत्या सॉकेटवर पुन्हा एकदा. आरसीसीबी आहे म्हणून हे टाळू नका. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर तिला ते कळतच नाही.

हातातली हत्यारं मोजकीच लागतात. ८ इंची पक्कड (नाशिकच्या टपारियाची सहज मिळते), ६ इंची कटर, ३ मिमी आणि ६ मिमी पात्याचे दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, एक फुलीचा, आणि वायर स्ट्रिपर. हँडलवर दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्ट छापलेलं असेल तरच ते इन्सुलेटेड समजा; नुसतं रंगीत प्लास्टिक पकडीसाठी असतं. स्ट्रिपरवर कंजुषी नको. ब्लेडनं किंवा दातांनी सोलताना चार-सहा तारा तुटतात, आणि तेवढी वायर बारीक होऊन गिझरच्या लोडवर तिथेच तापते.

पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग, क्रिंपिंग टूल, हॅमर ड्रिल आत्ता घेऊ नका. सुरक्षा नियमांत स्विच, फ्यूज, पंखे, दिवे जसेच्या तसे बदलण्याला सूट आहे. नवी लाइन टाकणं किंवा क्षमता वाढवणं हे परवानाधारक कंत्राटदाराचं काम आहे. मीटर आणि त्याच्या सीलला तर हात लावायचाच नाही.

उदाहरण म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट घ्या. जुनं सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रंगांवर विसंबू नका. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवं अर्थिंग हा नियम जुन्या घरांत पाळलेला असेलच असं नाही. वायर अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिमीची) आहे का पाहा. दीडची निघाली तर त्यावर गिझर लावू नका. काळं पडलेलं टोक कापून लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे या, ८ ते १० मिमी सोला, तारा पिळा आणि टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला. बाहेर तांबं दिसता कामा नये आणि स्क्रू आवरणावर बसता कामा नये. टोकाला सोल्डर लावू नका; स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो. आवळल्यावर प्रत्येक वायर जोरानं ओढून पाहा. सॉकेट जळण्याचं मूळ बहुतेक वेळा हाच सैल स्क्रू असतो: २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि सैल जोडावर तेवढी उष्णता साठत जाते.

वीज सुरू करून तिन्ही रीडिंग पुन्हा घ्या. मग गिझर १५ मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा आणि सॉकेटच्या प्लेटवर हात ठेवा. किंचित कोमट चालेल. चटका बसत असेल तर मेन पाडून स्क्रू पुन्हा आवळा, आणि प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लगही बदला.