गाझा सीमेलगतच्या किबुत्झला पैसा येतो कुठून?

सीमेवरचा किबुत्झ (इस्रायलमधली सामाईक मालकीची वसाहत) नुसत्या शेतीवर तगू शकतो का, आणि तिथे सगळ्यांना सारखे पैसे मिळतात हे खरं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'आता थोड्याच किबुत्झांत'. गाझाच्या कुंपणापासून चारेक किलोमीटरवर असलेल्या बेएरी या किबुत्झवरून दोन्ही नीट कळतं.

बेएरी वसवलं ते पिकाचा हिशेब मांडून नव्हे. १९४६ साली पॅलेस्टाइनच्या वाटणीच्या ब्रिटिश योजनेत नेगेव हा दक्षिणेकडचा वाळवंटी प्रदेश ज्यू भागाबाहेर राहणार असं दिसू लागलं. तेव्हा ५ ऑक्टोबरला योम किप्पूर या ज्यू सणाचा उपास सुटल्यावर एकाच रात्रीत तिथे ११ वस्त्या उभ्या करण्यात आल्या, त्यांतली ही एक. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पाण्याची पाइपलाइन आली तेव्हाच वस्ती टिकण्याची शक्यता निर्माण झाली. १९४७ ची ती लाइन सिम्हा ब्लास या अभियंत्याने आखली. पाइप होते लंडनमध्ये महायुद्धातल्या आगी विझवायला वापरलेले. याच ब्लासबरोबर हात्झेरीम किबुत्झने (तोही त्याच ११ मधला) १९६५ साली नेटाफिम ही ठिबक सिंचनाची कंपनी काढली. आपल्याकडच्या ऊस-केळीच्या ठिबकची एक मुळी तिथवर जाते.

१९४८ च्या युद्धानंतर बेएरी सुमारे ३ किलोमीटर आग्नेयेला हललं. त्याच युद्धात आसपासच्या गावांतून विस्थापित झालेले पॅलेस्टिनी गाझापट्टीत आले. पट्टीतले बहुसंख्य लोक आज निर्वासित किंवा त्यांचे वंशज आहेत. हे वगळून या सीमेचा इतिहास सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

आता पैशाचं. १९५० साली इथे छापखाना निघाला आणि तोच किबुत्झचा कणा झाला. चेकबुकं, बँकेची पत्रं, क्रेडिट कार्डं, गाडी चालवण्याचे परवाने असा माल. यात कागद महत्त्वाचा नाही, प्रत्येक प्रतीवर वेगळं नाव-नंबर अचूक छापणं आणि ती माहिती सुरक्षित ठेवणं महत्त्वाचं. म्हणून गिऱ्हाईक सहजासहजी तुटत नाही. शिवाय हा धंदा पाणी मागत नाही, पावसावर अवलंबून नाही, आणि वय झालेल्या सदस्यांनाही झेपेल असं काम त्यात निघतं. धोका एकच: चेक कमी होत जातात तसं नवं काम शोधत राहावं लागतं. शेजारच्या क्फार अझा किबुत्झचं असंच मास्टरबॅचच्या (प्लास्टिकमध्ये मिसळायच्या रंग-रसायनांच्या घट्ट मिश्रणाच्या) कारखान्यावर चालतं. जमीन बहुतेक किबुत्झांच्या मालकीची नसते, सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळते. त्यामुळे ती विकून कर्ज फेडायची सोयही नसते.

सामुदायिक पद्धतीत सदस्याचा पगार, बाहेर नोकरी असली तरी, थेट किबुत्झच्या खात्यात जातो. सदस्याला कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरलेला भत्ता मिळतो. शिक्षण, औषधपाणी समुदायाकडे. करही वेगळ्या रीतीने: किबुत्झचं एकूण उत्पन्न सदस्यांत भागून दरडोई आकारणी होते.

ही पद्धत मोडली ती कर्जामुळे. महागाईच्या काळात, १९८४ साली ती ४०० टक्क्यांच्या वर होती, कर्ज काढणं फायद्याचं वाटे. जुलै १९८५ च्या स्थिरीकरण योजनेने महागाई झपाट्याने उतरली, व्याज मात्र चढं राहिलं आणि शेकडो किबुत्झ बुडीत निघाले. १९८९ पासून कर्जतडजोडी झाल्या, पाठोपाठ बहुतेकांनी कामानुसार पगार सुरू केले. बेएरी सामुदायिकच राहिलं, ते तत्त्वनिष्ठेइतकंच छापखान्याच्या नफ्यामुळे. नफा नसता तर समानता टिकवणं फार अवघड गेलं असतं, असं माझं मत आहे.

सीमेचा खर्च या हिशेबात वेगळा धरावा लागतो. रॉकेट येत असल्याचा सायरन वाजल्यावर आसरा गाठायला १५ सेकंद मिळतात, म्हणून घराघरात संरक्षक खोली लागते. युद्धात मालमत्तेचं थेट नुकसान झालं तर सरकारी निधीतून देशभर कुणालाही भरपाई मिळते. बुडालेल्या उत्पन्नाची, म्हणजे अप्रत्यक्ष नुकसानीची, भरपाई मात्र नियमाने सीमावर्ती म्हणून नोंदलेल्या वस्त्यांनाच.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात बेएरीत शंभराहून अधिक नागरिक मारले गेले, सुमारे ३० जणांना ओलीस नेलं. मृत समुद्राकाठच्या हॉटेलांत हलवलेल्या लोकांतून कामगार जमवून छापखाना थोड्याच काळात सुरू झाला. शेतीला ते शक्य नव्हतं. थायलंडचे हजारो मजूर मायदेशी परतले, गाझातून येणाऱ्या कामगारांचे परवाने रद्द झाले, आणि कुंपणालगतची रानं लष्कराच्या परवानगीवाचून पेरता येईनात.